पाण्याआधीची तयारी

ख्रिस्ती घरात बाळ जन्मले की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "तुमच्यात बारसे कधी करतात हो?" बाप्तिस्म्याचा रविवार सांगितला की त्यांचे समाधान होते आणि झबले-टोपडे घेऊन त्या प्रेमाने चर्चमध्ये येतातही. त्यांचे फारसे चुकत नाही. त्या दिवशी बाळाचे नाव मोठ्याने घेतले जाते, फोटो निघतात, जेवणावळ होते. पण नाव ठेवणे हा बाप्तिस्म्याचा गाभा नव्हे. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनी वयाची तेहतीस वर्षे ओलांडली होती. नाव मात्र नारायणच राहिले.

मग त्या पाण्यात असते तरी काय? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणे, बुचकळणे. पाण्याखाली जाणे म्हणजे जुने जिणे पुरणे आणि वर येणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर नव्याने उठणे, असा अर्थ संत पौलाने लावला. पाणी धुते तसे बुडवतेही. या संस्कारात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. वसईकडचे कॅथलिक त्याला स्नानसंस्कार म्हणतात, आम्ही प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा म्हणतो. कोणी डोक्यावर तीनदा पाणी ओततात, कोणी नदीत वा हौदात पूर्ण बुडवतात. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तो एकदाच होतो. कॅथलिक नियमाप्रमाणे मरणासन्न माणसाला, धर्मगुरू जवळ नसेल तर, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. देणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी चालते. चर्चला अभिप्रेत असलेलेच करण्याचा त्याचा हेतू मात्र हवा.

पाणी ओतायला मिनिटही लागत नाही. वेळ लागतो तो तयारीला. पहिल्या काही शतकांत ही तयारी फार कसून होई. एका प्राचीन नियमग्रंथात उमेदवाराने तीन वर्षे शिकावे असे सांगितले आहे. मात्र तो मनापासून झटत असेल तर वर्षे न मोजता वागणूक पाहावी, अशी सवलतही आहे. शेवटच्या परीक्षेत पाठांतराऐवजी विचारायचे ते असे: याने विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांच्या समाचाराला गेला का? मला हे प्रश्न फार आवडतात. आजही कोणा उमेदवाराला ते विचारावेत आणि उत्तर त्याच्या शेजाऱ्याकडून घ्यावे!

पुढे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सर्रास होऊ लागला आणि ही दीर्घ तयारी आटत गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 साली, कॅथलिक चर्चने प्रौढांसाठी ती टप्प्याटप्प्याने पुन्हा आखून दिली. अनेक महिने शिकवण, मग ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ आणि ईस्टरच्या जागरणाच्या रात्री बाप्तिस्मा, असा तो क्रम. आमच्याकडे पाळकसाहेब दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार यांचे धडे घेतात.

महाराष्ट्रात या तयारीला आणखी एक बाजू होती, घरदाराची. हिंदू कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क जाई. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने तो राखला. पण दुरावलेले आईबाप कोणता कायदा परत आणून देणार? टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे परतल्या, पण ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या मनाला पटले तेव्हाच. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ही फरफट ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही चर्चच्या सिद्धांतांवर आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून कडाकडा वाद घातला. टिळकांनी तर 1917 मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली. बाप्तिस्म्याने विचार थांबत नाही, हे या मंडळींनी जगून दाखवले.

हे सारे आज आठवायला कारण माझी नात. आमच्या घरात तीन पिढ्या पाळण्यातच बाप्तिस्मा झाला. सूनबाई आली ती बाप्टिस्ट घरातून. तिच्याकडे मूल मोठे होऊन स्वतः मागते, तेव्हाच देतात. ती म्हणाली, "आई, नवस फेडल्यासारखे घाईने नको. तिला विचारता तरी येऊ दे." मुलगा म्हणाला, "मला कुठे विचारले होते? माझे काय वाईट झाले?" दोघांचेही खरे. अर्भकाचा बाप्तिस्मा सांगतो की माणसाने देवाला ओळखण्याआधीच देवाने त्याला ओळखलेले असते. प्रौढाचा सांगतो की त्या ओळखीला 'होय' ज्याचे त्यानेच म्हणायचे असते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा हाच पेच होता. त्यांनी दोन्ही पद्धती मान्य करून निवड कुटुंबावर सोपवली. पेच असा आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला.

पाळकसाहेब चारदा घरी आले. बाजू कोणाचीच घेतली नाही. शेवटच्या खेपेला एवढेच विचारले, "आज पाणी घातले काय किंवा थांबलात काय, ही पोर तुमच्या घरात काय पाहत मोठी होणार?" कोणी लगेच बोलले नाही. अखेर मुलानेच थांबायचे ठरवले. बाळाला चर्चमध्ये नेऊन देवाला अर्पण केले, आशीर्वाद मागितला, पाणी राहिले. मला वाईट वाटले, अजून वाटते. माझ्या सासूबाईंनी जपलेला पांढरा झगा ट्रंकेतच आहे आणि ती मागेल तेव्हा तो तिला होणार नाही.

मात्र एक गोष्ट झाली. पूर्वी तयारी म्हणजे चार धडे, असे घरात सगळेच धरून चालत. आता ती पंधरा-वीस वर्षांची झाली आहे आणि उमेदवार आम्ही आहोत. जेवणाआधीची प्रार्थना, कामवाल्या बाईशी बोलण्याची रीत, भांडणानंतर आधी कोण बोलते, हे सारे ती पोर टक लावून पाहते आहे. उद्या ती 'हो' म्हणेल किंवा 'नाही' म्हणेल. तिने 'नाही' म्हटले तरी या घरातले तिचे पान वाढलेलेच असेल, हेही तिला आत्तापासून कळायला हवे.