पांढरीच्या मातीतलं भोकरदन

माळवदाच्या घरात वाढलेल्या बायकांना पांढरी माती म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्याच्या आधी माळवदावर टाकायला, भिंतींना पोतारा द्यायला ती गावाच्या जुन्या उंचवट्यावरून आणायची. शेतातली माती काळी आणि गावाखालची तेवढी पांढरी, असं का? तर ती नुसती माती नसते. शेकडो वर्षांची चुलीतली राख, पडलेल्या भिंती, शेण, फुटलेली खापरं, सगळं एकावर एक बसून तो उंचवटा झालेला असतो. एक घर पडलं की त्याच्यावरच दुसरं बांधायचं, असं करत गाव वर चढत जातं. म्हणूनच आपल्याकडे काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे वस्ती. गावाचा इतिहास शोधायचा तर सुरुवात इथून करायची.

आपल्या भोकरदनच्या पांढरीत १९७३ साली उत्खनन झालं. नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून ते केलं. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते ही त्यातली प्रमुख माणसं. खाली सातवाहनांच्या काळातली, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती लागली. मणी निघाले, शंखाच्या बांगड्या निघाल्या. आता बघा, समुद्र इथून केवढा लांब! तरी शंख इथे आला, म्हणजे त्याला आणणारे व्यापारी होते आणि त्या बांगड्या हौसेनं घालणाऱ्या बायकाही होत्या.

याच खोदकामात हस्तिदंताची एक छोटी मूर्ती सापडली. अखंड नाही, तुटकी. पण बाई आणि तिच्या शेजारी दासी, एवढं कळतं. तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पाँपेई नावाच्या गावात १९३८ साली मिळाली होती. ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाव इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याच्या आधीच तिकडे पोचलेली. हातभर बांगड्या, पायांत वाळेच वाळे, दोन बाजूंना दोन दासी. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अशीच आणखी एक मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली आहे. म्हणून पाँपेईची मूर्ती आपल्या भागातून गेली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. दुसरे म्हणतात, तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, तेव्हा ती तिकडून गेली असेल. वाद मिटलेला नाही. आपणही "ती आमचीच" असं छातीठोक सांगू नये. आपल्या मातीत निघाली ती तर नक्की आपली, तेवढं पुरे आहे.

गावाच्या नावाचंही तसंच. भोकराचं लोणचं घालणाऱ्या आपल्याला वाटणारच की भोकराच्या झाडांवरून नाव पडलं असेल. पण जुनं नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं गावासकट दगडावर कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनचे लोकही आहेत. पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणारी व्यापाराची वाट याच भागातून जात होती, हे ध्यानात घेतलं की शंख, हस्तिदंत आणि सांचीचं दान या सगळ्याचा उलगडा होतो.

वाटेवरून नदी आठवली. आपली केळणा आणि तिकडची जुई, दोघींच्या संगमाजवळ असई. तिथे २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यांची लढाई झाली. मराठ्यांची छावणी भोकरदनच्या बाजूला पसरलेली, मध्ये केळणा. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं, नदीला इथे उतार नाही. त्यानं बघितलं तर अलीकडच्या काठावर एक गाव आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर दोन गावं आहेत, तर लोक येत-जात असणारच, आणि येत-जात असतील तर उतारही असणार, असं त्यानं ताडलं. उतार निघाला, फौज पार झाली आणि लढाई तो जिंकला. मला यात राग येतो तो एवढ्याचाच, की आपल्या गावांची मांडणी वाचून फायदा परक्यानं घेतला. त्याच्याकडचे मेलेले-जखमी दीड हजारांवर, ते आकडे लिहून ठेवलेले आहेत. आपल्याकडच्यांचे नुसते अंदाज.

लिहून ठेवणं हा त्या लोकांचा जुना नाद. इंग्लंडात एकेका गावाचा इतिहास लिहायचं मोठं काम १८९९ साली सुरू झालं, ते अजून चाललेलं आहे. चर्च कधीचं, गिरणी कुणाची, ओढ्याला नाव काय, कुरण कुठवर, सगळं त्यात. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादचं गॅझेटियर १८८४ साली निघालं, पण ते जिल्ह्याचं. पुढे १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला. गावागावाचं लिहिणं राहूनच गेलं.

तिकडे पांढरी दर वर्षी कमी होते आहे. टोपल्यानं आणत होतो तेव्हा फार बिघडत नव्हतं. आता ट्रॉल्या भरून जाते, आणि एकदा थर हलले की कुठला मणी कोणत्या काळातला, हे कुणालाच सांगता येत नाही. नांगरताना, पाया खणताना नाणं किंवा मूर्ती निघाली तर पुसू-घासू नका, जागा लक्षात ठेवा आणि तहसीलला कळवा. पुरलेला ठेवा सरकारला कळवायचा, असा कायदा १८७८ पासून आहे.

आणि घरातला सातबारा काढून बघा. वरच्या बाजूला "शेताचे स्थानिक नाव" अशी एक जागा असते. बऱ्याच उताऱ्यांवर ती कोरी दिसते, गट नंबर तेवढा असतो. पण सासूबाईंना विचारा, त्या नंबर सांगत नाहीत. गढीमागचं, चिंचेचं, उतारावरचं असंच म्हणतात. उतारावरचं म्हणजे कुठल्या उतारावरचं, तिथून कोण कुठल्या गावाला जात होतं, एवढं विचारून मुलांच्या वहीत लिहून घ्या. पुढच्या वेळी रेडिओवर बोलायला येताना ती वही सोबत आणा.