म्हाताऱ्या कुत्र्याला पुन्हा चालतं करूया

दहा-बारा वर्षं शेतवस्ती राखलेलं कुत्रं मागच्या पायांवर उठेनासं झालं, की घरातले म्हणतात, "म्हातारं झालं, राहू द्या." पण बहुतेकदा ही सांधेदुखी असते. दुखतं म्हणून ते पडून राहतं, पडून राहिल्यानं मांड्या वाळतात, मग उठणं आणखी अवघड होतं. हा फेरा रोजच्या थोड्या हालचालीनं मोडता येतो.

आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. संभाजीनगरात तो खडकेश्वरला आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं, की सकाळ-संध्याकाळ कोमट कापडानं शेका. कापड आधी आपल्या मनगटाला लावून पाहा. मांडी हलकेच चोळा. पाय सावकाश 10 वेळा वाकवून सरळ करा. कुत्र्यानं दुखून मान वळवली की थांबा. फरशीवर पाय घसरतात, तिथं गोणपाट अंथरा. पोटाखालून जुनी ओढणी घालून आधार द्या, मऊ मातीत 5 मिनिटं चालवा. वजन वाढू देऊ नका. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या मुळीच देऊ नका, त्या जिवावर बेततात.

मात्र लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, तर हात लावू नका. ते पिसाळलेलं असू शकतं. मुलांना दूर ठेवा, डॉक्टरांना कळवा.

एरवी महिनाभर नेम सोडू नका. आधी उभं राहील, मग चार पावलं टाकील.