रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ आलाय… आता पळायचं की नाही?

पहाटे साडेपाचला विजापूर रोडला एक चक्कर मारा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी घामाघूम होऊन पळताना दिसतील. त्यातल्या दोघा-तिघांच्या गुडघ्याला नी-कॅप असतेच. नंतर चहाच्या गाड्यावर थांबलात तर सल्लाही फुकट मिळतो, ‘लय दुखतंय तर एमआरआय काढून टाक की भावा!’

माझ्या एका मित्राने तसंच केलं. कंबर दुखत होती, फिजिओकडे न जाता थेट स्कॅन सेंटर गाठलं. काही हजार रुपये गेले. रिपोर्टमध्ये लिहून आलं, एल-४, एल-५ला ‘डिस्क बल्ज’. घरात बातमी पसरली ती ‘पोराची गादी सरकली’ अशी. मग पळणं बंद, जिम बंद, सतरंजीवर झोपणं सुरू. आईने पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. तीन महिन्यांनी कंबर होती तशीच दुखत होती, पण स्टॅमिना गेला होता. वर भरतीचा नाद सोडायचा असंही त्याने ठरवून टाकलं होतं.

आता गंमत बघा. १९९४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांच्या मणक्याचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ५२ टक्के लोकांना कुठे ना कुठे बल्ज निघाला! २०१५मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या, काहीही त्रास नसलेल्या लोकांमध्येही सुमारे ३० टक्के जणांना बल्ज दिसला. म्हणजे तुमच्या वर्गात ६० जण असतील तर १८-२० जण तो घेऊन मजेत फिरत असतील. स्कॅन काढला नाही म्हणून कळलं नाही, एवढंच.

मग एमआरआय फालतू आहे का? तसं बिलकुल नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणारा, आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा आपला गडी. जुलै २०२५मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीजवळ तो पडला. गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट आणि मेनिस्कस, दोन्हीला इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

अशा दुखापतीत एक्सरेवर विसंबून चालत नाही, कारण त्यात प्रामुख्याने हाडं दिसतात. एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनवर काम करतो, त्यामुळे लिगामेंट, गादी, स्नायू, हाडाच्या आतली सूज असं सगळं पकडतो. किरणोत्सर्ग नाही, पण चुंबक जबरदस्त. साधं १.५ टेस्लाचं मशीनसुद्धा पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट ताकदीचं असतं. आणि ते कायम चालूच असतं. २०१८मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेल्यामुळे एका तरुणाचा जीव गेला होता. तेव्हा कडं, साखळी, करदोटा, मोबाइल सगळं बाहेर ठेवा, आणि शरीरात रॉड-स्क्रू असेल तर आधीच सांगा.

कबड्डी, खो-खोत झटक्यात दिशा बदलताना ‘टक’ असा आवाज आला, काही तासांत गुडघा फुगला आणि नंतर चालताना तो दगा द्यायला लागला, तर ते एसीएल असू शकतं. फिजिओ किंवा डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात, तिला लॅचमन टेस्ट म्हणतात. हाताला जो संशय येतो त्याची खात्री एमआरआय करतो आणि सोबत मेनिस्कस फाटलाय का तेही सांगतो. इथे स्कॅन टाळून मालीश करत बसणं महागात पडतं. सैल गुडघ्यावर खेळत राहिलं की आतली गादी आणखी फाटत जाते.

डांबरावर पळणाऱ्यांनी नडगीकडेही लक्ष द्यावं. भरतीच्या १६०० मीटरसाठी अचानक पळणं वाढवलं की नडगी दुखतेच. पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, आराम करतानाही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायची. सुरुवातीला एक्सरे बऱ्याचदा नॉर्मल येतो, एमआरआयमध्ये मात्र हाडाची सूज दिसते. ‘एक्सरे क्लीन आहे, पळ’ हा सल्ला इथे घातक ठरतो.

साधा पाय मुरगळला असेल तर लगेच स्कॅन लागत नाही. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्सरे. कंबरेचंही तसंच, बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. मात्र पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, ताप किंवा मोठा मार असेल, तर एक दिवसही थांबू नका. फिजिओची अपॉइंटमेंट बघत बसण्याची ही वेळ नसते, थेट दवाखाना गाठायचा.

एसीएलच्या ऑपरेशननंतरचं काम तर बहुतेक सगळं फिजिओचंच. आधी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, झोपलेला मांडीचा स्नायू जागा करायचा, मग महिनोन्‌महिने ताकद. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांची तुलना करतात. खेळायला परत कधी जायचं ते अशा चाचण्यांवर ठरतं, एकट्या स्कॅनवर नाही. नॉर्वेतल्या २०१६च्या एका अभ्यासात, ९ महिन्यांपर्यंत परतणं लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं होतं. सहाव्या महिन्यात ‘मला काही दुखत नाही’ म्हणून मैदानात उतरणाऱ्यांनी हे वाचावं.

माझा मित्र शेवटी एका फिजिओ मॅडमकडे गेला. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी त्याला वाकायला, टाचेवर चालायला, पाय सरळ उचलायला लावलं. पायात ताकद व्यवस्थित, कुठे बधिरपणा नाही. मग विचारलं, ‘दिवसातून किती तास बसतोस?’ अभ्यासिकेत दहा तास, असं त्याने सांगितलं. त्यांनी व्यायाम दिले, दर अर्ध्या-पाऊण तासाने उठायला सांगितलं आणि पहिल्याच आठवड्यात चालायला लावलं, नंतर हळूहळू पळायला. बल्ज बहुधा अजूनही तिथेच असेल. पुन्हा स्कॅन काढून बघायचं का, असं त्याने विचारलं तर मॅडम म्हणाल्या, ‘कशाला? त्या पैशात चांगले शूज घे.’

त्याने घेतलेत. सध्या १६०० मीटरचं टायमिंग कमी करायच्या मागे आहे.