जस्ती टबातली बाग: भीती कशाची, भरवसा कशाचा

गच्चीवर, बाल्कनीत, अंगणाच्या कोपऱ्यात जस्ती बादल्या आणि टबांमध्ये झाडं लावायची हौस आता शहरांत चांगलीच रुजली आहे. ती रास्तही आहे. ही भांडी हलकी असतात, पडली तरी फुटत नाहीत आणि करड्या पत्र्यावर हिरवा रंग खुलून दिसतो. पण या टबांबाबत जिथे घाबरायचं कारण नाही तिथे लोक घाबरतात, आणि जिथे सावध राहायला हवं तिथे निर्धास्त असतात.

'जस्ताचा मुलामा आहे, आता गंजणार नाही' हा त्यातला सगळ्यात मोठा भरवसा. गंजतो, फक्त उशिरा. वितळलेल्या जस्तात, साधारण 450 अंश सेल्सिअसला, पोलादी पत्रा बुडवून काढला की त्यावर जस्ताचा थर बसतो. हा थर किती जाड, ते पत्र्याच्या बाजारात 'जीएसएम'मध्ये सांगतात. 120 जीएसएम म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 120 ग्रॅम जस्त. एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन. 275 जीएसएमच्या पत्र्यावर हाच थर सुमारे 19 मायक्रॉन भरतो. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील असल्यामुळे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. मात्र ते खर्ची पडत असतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेमुळे हा खर्च कित्येक पटींनी वाढतो. तिथे जाड मुलाम्याचाच टब घ्यावा.

इथेच तेलाच्या डब्याची गफलत होते. पंधरा किलोचा रिकामा डबा कापून त्यात गवती चहा किंवा तुळस लावलेली किती तरी घरं दिसतात. डबा दिसायला जस्ती पत्र्यासारखाच, पण त्यावर मुलामा असतो कथिलाचा. कथिलाचं वागणं नेमकं उलट. थर अखंड असेतो संरक्षण. एकदा चरा पडला की लोखंडच आधी आणि अधिक वेगाने झिजतं. खिळ्याने पाडलेल्या भोकांच्या कडेने काही आठवड्यांत तपकिरी गंज पसरतो तो यामुळे. जस्ती टबाच्या भोकाशी आधी पांढरट भुकटी दिसते. ती जस्ताची. तपकिरी रंग दिसला की तिथलं जस्त संपलं असं समजावं.

नवा टब वर्षभरात करडा पडला की अनेकजण तो चिंचेने किंवा लिंबाने घासून चकचकीत करतात. तांब्या-पितळेची ही सवय इथे नको. तो करडा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तयार झालेला असतो आणि खालच्या जस्ताचं तोच रक्षण करतो. आंबट पदार्थ त्या थरासकट जस्तही विरघळवतो.

आता भीतीबद्दल. 'जस्त विषारी, त्यातली भाजी खाऊ नये' असं हमखास ऐकू येतं. जस्त हे झाडाचं आणि माणसाचंही आवश्यक सूक्ष्म अन्नद्रव्य आहे. भातावरचा 'खैरा' हा रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे डॉ. यशवंत नेने यांनी पंतनगरच्या कृषी विद्यापीठात 1960च्या दशकात दाखवून दिलं. आपल्याकडच्या कितीतरी जमिनींत जस्त कमी असतं, म्हणून शेतकरी झिंक सल्फेट विकत आणून टाकतात. सामू 6 ते 7 च्या आसपास असलेल्या, शेणखत मिसळलेल्या मातीत टबाचं जस्त फार विरघळतही नाही. माती फारच आम्लधर्मी असेल तर मात्र जस्त जास्त उतरतं आणि कोवळी पानं पिवळी पडू शकतात. खाण्यापुरता धोका आहे तो वेगळाच: ताक, लोणचं, लिंबाचं सरबत जस्ती भांड्यात साठवू नये, उलट्या होतात. आणि जुन्या, कुठला रंग दिलाय हे माहीत नसलेल्या टबात पालेभाजी लावू नये, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

मोरचुदाचा प्रश्न अधिक खरा आहे. द्राक्षबागायतदार मोरचुदाचं बोर्डो मिश्रण प्लॅस्टिकच्या पिंपात करतात, लोखंडी किंवा जस्ती भांड्यात नाही. मोरचुदातलं तांबं धातूवर बसतं आणि त्याच्या बदल्यात लोखंड किंवा जस्त द्रावणात उतरतं. बुरशीनाशक म्हणून मोरचुदाचं पाणी जस्ती टबात ओतलं तर टबाच्या आतल्या बाजूचंही तेच होतं.

'खाली खडीचा थर दिला की भोकं नकोत' हेही चुकीचं. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. आधी माती पूर्ण भिजते, मगच ते खाली झिरपतं. शिवाय भोकं नसली तर पाण्याला जायला वाटच नसते. खडीमुळे मुळांची जागा घटते आणि ओल तशीच राहते. तळाला ड्रिलने भोकं पाडावीत, कडांना झिंक प्रायमर लावावा आणि टब विटांवर ठेवावा. तळाच्या कडेत साचून राहिलेलं पाणीच बहुतेक टबांचा शेवट करतं.

'चकाकतो म्हणजे ऊन परतवतो' हा समज विदर्भात विशेष महागात पडतो. जस्ती पत्रा तापतो, आणि तापल्यावर उष्णता पांढऱ्या रंगाइतकी सहज बाहेर टाकत नाही. दुपारच्या उन्हाकडच्या पत्र्याला चिकटलेली बारीक मुळं जळतात आणि झाड पाणी असूनही मान टाकतं. आत काथ्याचा जाड थर द्यावा किंवा टबात मातीची कुंडी ठेवून मधली जागा भुशाने भरावी. बाहेरून पांढरा रंग दिला तरी मोठा फरक पडतो. मात्र साधा ऑइल पेंट नको. त्यातल्या तेलाची जस्ताशी अभिक्रिया होऊन साबणासारखा थर बनतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. आधी जस्तासाठी असलेला प्रायमर, मग ॲक्रिलिक.

कमळासाठी टबात पाणी भरून डासांवर उपाय म्हणून गप्पी मासे सोडतात. 'गुरं पितात, मग माशांना काय होणार?' अशी समजूत असते. पण माशांचे कल्ले पाण्यातल्या अगदी थोड्या जस्तानेही बिघडतात, मृदू पाण्यात तर लवकरच. अशा टबाला आतून तलावासाठीचं जाड प्लॅस्टिक अंथरावं, किंवा कमळासाठी सरळ सिमेंटची कुंडी घ्यावी.