जुन्या दुनळीचा दाब आणि धक्का

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखाद्या कुटुंबात आजोबांच्या परवान्यावरची बारा बोरची दुनळी वारशाने आली, तर परवाना वारसाच्या नावावर होण्यासाठी मुंबई पोलिसांकडे अर्ज करावा लागतो, निवडणुकीच्या काळात ती पोलिस ठाण्यात जमा करण्याची वेळ येऊ शकते आणि वन्यजीव संरक्षणाच्या १९७२च्या कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचे दिवस संपलेले आहेत, एवढ्या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. त्या मानाने पन्नास-साठ वर्षांच्या किंवा त्याहूनही जुन्या नळीत कोणते काडतूस घालावे, याचा विचार क्वचितच होतो. दुकानातून ‘बारा बोर’ म्हणून आणलेले आणि नळीत अलगद सरकणारे काडतूस योग्यच असणार, असा समज रूढ आहे आणि तो धोकादायक आहे.

‘बारा बोर’ या शब्दांतून केवळ नळीच्या पोकळीची रुंदी समजते. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या पोकळीत नेमकी बसेल ती बारा बोरची नळी, आणि तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. म्हणूनच वीस बोरची नळी बारा बोरपेक्षा अरुंद असते. काडतुसाची लांबी किती, आतील दारू कोणत्या जातीची आणि नळी किती दाब सोसू शकेल, यांपैकी कशाचाही बोध या आकड्यातून होत नाही.

काडतुसाची निवड करताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दाब म्हणजे दारू जळून तयार झालेल्या वायूंचा नळीच्या भिंतींवर पडणारा जोर, तर धक्का म्हणजे छर्रे पुढे सुटताना बंदूक मागे येऊन खांद्यावर आदळते तो हिसका. दाब ‘बार’ या एककात मोजतात (बंदुकीच्या बाराशी त्याचे नामसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे), आणि जुहूच्या किनाऱ्यावर हवेचा जो दाब असतो तो जवळजवळ एक बार धरला, तर आजच्या प्रमाणित बारा बोर काडतुसाचा दाब सरासरीने ७४० बारपर्यंत जाऊ शकतो, असे युरोपीय मानके सांगतात. हा जोर नळीच्या मागच्या काही सेंटिमीटरांतच शिखर गाठतो आणि पुढे झपाट्याने उतरतो. शिखर किती उंच जाईल, हे दारू किती वेगाने जळते यावरही अवलंबून असते, कारण तेवढ्याच छर्ऱ्यांना तेवढाच वेग देताना झटकन जळणारी दारू एकदम जोर लावते, तर सावकाश जळणारी दारू तोच जोर नळीभर वाटून देते.

धक्क्याचा हिशेब वेगळा असून तो छर्ऱ्यांचे वजन, त्यांचा वेग आणि बंदुकीचे वजन यांवर ठरतो. तीन किलोच्या बंदुकीतून ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटले, तर दारूचे वायू आणि छर्ऱ्यांमागचे बुच यांचा वाटा वगळूनही बंदुकीला सुमारे २७ ज्यूल ऊर्जा मिळते. २४ ग्रॅम छर्रे ३८० मीटर वेगाने सुटल्यास हाच आकडा १४च्या आसपास येतो, म्हणजे छर्रे पाव हिश्शाने आणि वेग थोडा कमी केला की धक्का जवळजवळ निम्मा होतो. मात्र धक्का कमी झाला म्हणून दाबही कमी झाला, असे म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय ट्रॅप आणि स्कीट नेमबाजी स्पर्धांची काडतुसे याचे उत्तम उदाहरण आहेत: त्यांत २४ ग्रॅमच छर्रे असल्यामुळे ती खांद्याला सौम्य लागतात, परंतु ती सामान्यतः ७० मिलिमीटर लांबीची, वेगवान आणि आधुनिक पोलादी नळ्यांसाठी घडवलेली असतात. खांद्याला जाणवतो तो धक्का. नळीवरचा दाब खांद्याला कळत नाही, त्यामुळे सौम्य वाटणाऱ्या काडतुसावर विसंबून राहणे जुन्या बंदुकीच्या बाबतीत योग्य नव्हे.

लांबीचा घोळ तर याहून फसवा आहे. काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यावर, म्हणजे तोंडाची दुमड उलगडल्यावरची असते. न वाजवलेले ७० मिलिमीटरचे काडतूस त्यापेक्षा बरेच आखूड असल्याने ते ६५ मिलिमीटरच्या घरात, म्हणजे नळीच्या मागच्या ज्या भागात काडतूस बसते त्या भागात, विनासायास मावते आणि बंदूक व्यवस्थित मिटतेही. चाप ओढल्यावर मात्र उलगडणारे तोंड घराच्या पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. ब्रिटिश घडणीच्या अनेक जुन्या दुनळ्यांची घरे अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसांची आहेत, आणि बंदूक मिटते याचा अर्थ काडतूस जुळते असा नसल्यामुळे घराची लांबी मापकाने मोजून घेण्याला पर्याय नाही.

बंदुकीचे वय आणि ताकद यांचा पुरावा नळ्यांच्या खालच्या बाजूला, लाकूड उतरवल्यावर दिसणाऱ्या ठशांत असतो. हे ठसे देणाऱ्या लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३च्या कायद्याने उभे राहिले. तेथे प्रत्येक नळीत मुद्दाम जादा दाबाचा बार काढून, ती टिकली तरच तिच्यावर ठसा उमटवत. १९५४च्या नियमांनंतरच्या नळ्यांवर घराची लांबी आणि दर चौरस इंचाला किती टन दाब हे कोरलेले आढळते, आणि अडीच इंचाच्या सोबत ‘तीन टन’ असेल तर ती बंदूक हलक्या काडतुसांची आहे हे उघड होते. ‘नायट्रो’ चाचणीची खूण कुठेच नसेल तर ती नळी बिनधुराच्या आधुनिक दारूसाठी तपासलेली नाही, केवळ काळ्या दारूसाठी आहे, असे मानणे इष्ट. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून आणि तापवून ठोकून केलेल्या दमास्कस नळ्यांवरील वेलबुट्टीसारखी नक्षी मोहक असली, तरी सांध्यांच्या आत किती गंज गेला आहे हे बाहेरून दिसत नाही. ठसा चाचणीच्या दिवसाची साक्ष देतो, आजची नव्हे; नंतर कोणी गंज काढण्यासाठी पोकळी घासून ०.०१० इंचाहून, म्हणजे पाव मिलिमीटरहून अधिक रुंद केली असेल, तर ब्रिटिश नियमांनुसार ती चाचणी रद्द धरतात. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तेल न लावता कपाटात ठेवलेल्या नळीला खड्डे पडायला चार पावसाळे पुरेत, आणि खड्डा पडलेल्या जागी भिंत पातळ होते.

भारतातील परवानाधारकाच्या वाट्याला निवड मोजकीच येते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला, २०२१पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे, आणि त्याची ‘केएफ’ ठशाची काडतुसे हीच बाजारातली मुख्य काडतुसे. परदेशी मालाची आयात प्रामुख्याने मान्यताप्राप्त नेमबाजांपुरती. ब्रिटनमध्ये जुन्या बंदुकांसाठी ६५ मिलिमीटरची हलकी काडतुसे अजूनही तयार होतात, तशी सोय येथे सहज नसल्यामुळे पाकिटावरची लांबी आणि छर्ऱ्यांचे वजन वाचून, ६५ मिलिमीटरचे आणि हलके काडतूस मागणे एवढेच ग्राहकाच्या हाती उरते. काडतूस घरी हलके करून भरण्याचा उपाय निषिद्ध आहे, कारण १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो, आणि तोच नियम बंदुकीच्या दुरुस्तीला व चाचणीलाही लागू होतो. तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी.

बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या ९६ पट असावे, असा बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचा ठोकताळा होता. त्या हिशेबाने २.७ किलोच्या जुन्या दुनळीला २८ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे सोसत नाहीत, आणि त्याहून भारी एलजी किंवा एसजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांच्या, काडतुसांनी खांद्याआधी दस्ताच दुखावतो, कारण वर्षानुवर्षे तेल मुरून मऊ झालेले अक्रोडाचे लाकूड लोखंडी सांगाड्याशी जिथे जोडलेले असते तिथेच चिरते. पोलादी छर्रे तर या नळ्यांत वर्ज्यच.

बंदुकीबरोबर कपाटात सापडलेल्या जुन्या काडतुसांचा प्रश्न वेगळा आहे. कागदी काडतुसे पावसाळ्यात फुगून नळीत अडकत असत, दारूचे रसायन उष्णतेने बिघडते, आणि वीस बोरचे एखादे काडतूस चुकून त्यांत मिसळलेले असेल तर ते बारा बोरच्या नळीत पुढे सरकून अडकते. नळी रिकामी समजून तिच्यात दुसरे काडतूस भरले आणि चाप ओढला, की नळी फुटते. वीस बोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात यामुळेच पडला. अशी बेवारशी काडतुसे वाजवून संपवण्यापेक्षा परवान्यासह जवळच्या पोलिस ठाण्यात नेऊन त्यांची रीतसर विल्हेवाट लावणे श्रेयस्कर ठरते.