ललिता पवारांचा डावा डोळा

1987 साली रविवारी सकाळी रामानंद सागरांचं 'रामायण' लागलं, की रस्ते ओस पडत. मंथरा कैकेयीच्या कानाला लागली, की घरोघरच्या आजीबाई तिला शिव्या घालत. कुबड खोटं होतं. बारीक झालेला डावा डोळा मात्र खरा होता.

मंथरा झालेली ही बाई आपल्याच लोहमार्गावरची. श्रीरामपूरहून, म्हणजे रेल्वेच्या लेखी बेलापूर स्टेशनातून, मनमाडच्या गाडीत बसलं की पुणतांबा, कोपरगाव आणि मग येवला. पैठणीच्या त्या गावात 1916 साली अंबा सगुण, म्हणजेच पुढची ललिता पवार, जन्मली. मूकपटांच्या जमान्यात लहानपणीच तोंडाला रंग लागला. 1932 च्या 'कैलास'ची ती नायिका होतीच, सहनिर्मातीही होती.

1942. 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण. नट भगवान यांनी तिच्या थोबाडीत मारायची, एवढाच प्रसंग. पण हात जोरात बसला. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डोळा कायमचा अधू झाला. वय 26.

थप्पड बसली आणि पडद्याला खाष्ट सासू मिळाली, असं नेहमी सांगतात. हे फार सोयीचं झालं. उपचारांचा, वाट बघण्याचा काळ त्यात गायब होतो आणि अभिनयही. 1944 मध्ये 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून जी बदनाम, ती भूमिका नुसत्या डोळ्यावर निभत नाही.

'अनाडी' (1959) मधली मिसेस डिसा बघावी. घरमालकीण भाडेकरू राज कपूरवर खेकसते, तेव्हा तोच डोळा बारीक होतो. पण आवाजात माया इतकी, की तिचं ओरडणं म्हणजे जेवायला बोलावणं वाटावं. शेवटी भेसळीचं औषध तिचा जीव घेतं आणि थिएटर रडतं. या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं, 1961 मध्ये ललिताबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही. तरीही निर्मात्यांना हवी होती ती कजाग सासूच. व्यंग म्हणजे मनातलं पाप, हे समीकरण आपल्याकडे इतकं मुरलेलं, की 'महाभारत' मालिकेतल्या शकुनीसाठी गुफी पेंटल यांना मुद्दाम लंगडावं लागलं, एक डोळा मिटून घ्यावा लागला.

इंग्लंडमध्येही वेगळं नव्हतं. जॉर्डनमध्ये जन्मलेला, ठिसूळ हाडांचा आजार असलेला, चाकाच्या खुर्चीतला नबिल शबान नट व्हायला निघाला. दारं उघडेनात, तेव्हा त्यानं रिचर्ड टॉमलिन्सनबरोबर 1980 मध्ये अपंग कलावंतांची 'ग्रेआय' नाटक कंपनीच काढली; पुढे स्वतः नाटकंही लिहिली. ही वाट ललिताबाईंच्या वेळी इथे नव्हती. पण टीव्हीनं शबानला घराघरांत नेलं ते 1985 साली, 'डॉक्टर हू' मालिकेतल्या सिल या परग्रहावरच्या लोभी, किळसवाण्या खलनायकाच्या रूपात.