नवी बाइक घेतलीय? पहिले १,००० किलोमीटर असे चालवा

दसरा, पाडवा किंवा धनत्रयोदशीचा मुहूर्त साधून नवी बाइक दारात येते. हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. मग घरातला प्रत्येक जण ‘एक राउंड मारून येतो’ म्हणत किल्ली मागतो. धाकट्या भावाला गाडी किती पळते ते आजच बघायचं असतं, तर बाबा बजावतात, ‘हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर जायचं नाही.’

या दोघांपैकी बरोबर कोण? खरं सांगायचं तर दोघंही अर्धेच बरोबर आहेत. नव्या इंजिनाच्या या सुरुवातीच्या काळाला ‘रनिंग-इन’ म्हणतात. तो नीट सांभाळलात तर गाडी पुढची कित्येक वर्षं चांगली साथ देते.

इंजिनच्या आत काय घडतं?

नवी चप्पल पायात बसायला जसे काही दिवस लागतात, तसंच इंजिनचंही असतं. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होत असतो. पिस्टनभोवती धातूच्या रिंग्ज असतात. सिलिंडरची आतली भिंत आपल्याला गुळगुळीत वाटते, पण कारखान्यात तिच्यावर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या अगदी बारीक रेषा पाडलेल्या असतात. या रेषांमध्ये ऑइल टिकून राहतं आणि त्यांच्यावर घासत घासत रिंग्ज भिंतीला घट्ट बसतात.

इंजिन ५,००० आरपीएमवर असेल, तर पिस्टन एका मिनिटात ५,००० वेळा वर आणि तितक्याच वेळा खाली जातो. म्हणजे हे बसण्याचं काम झपाट्याने होतं आणि रेषांचा खरखरीतपणाही लवकर कमी होतो. रिंग्ज नीट बसल्या नाहीत, तर जळालेला वायू खाली झिरपतो आणि ऑइल वर येऊन जळतं. मग सायलेन्सरमधून निळसर धूर, कमी झालेली ताकद आणि वारंवार कमी होणारं ऑइल असा त्रास सुरू होतो. तेव्हा इंजिन उघडण्याचा खर्च खिशाला चांगलाच जाणवतो.

फार जोरात नको, फार हळूही नको

पहिल्याच दिवशी थ्रॉटल पूर्ण पिळला, तर न सरावलेल्या भागांमध्ये घर्षण आणि उष्णता खूप वाढते. पिस्टन आणि सिलिंडरवर ओरखडे पडू शकतात. म्हणूनच होंडासारख्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या ५०० किलोमीटरसाठी स्पष्ट सूचना असते : पूर्ण थ्रॉटल देऊन गाडी उचलू नका, जोरात ब्रेक दाबू नका आणि झटक्यात गिअर उतरवू नका.

पण अतिकाळजीही बरी नाही. रिंगला भिंतीवर दाबून धरण्यात जळणाऱ्या वायूच्या दाबाचा मोठा वाटा असतो. इंजिनवर भारच पडला नाही, तर तो दाब पुरेसा मिळत नाही. त्यातच चौथ्या गिअरमध्ये ताशी २५ च्या वेगाने गाडी रेटली, तर इंजिन धडधडतं आणि आतल्या भागांवर ताण येतो. ‘पहिल्या दिवसापासून पळवा’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंमध्ये तथ्य असेल तर ते एवढंच, की इंजिनला थोडा भार हवा. त्यासाठी गाडी रेड लाइनपर्यंत ताणायची गरज नाही.

मग चालवायची कशी?

• सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवा. ऑइल सगळीकडे पोहोचू द्या. उभ्या गाडीला रेस देऊन गरम करू नका.

• थ्रॉटल साधारण अर्ध्यापर्यंतच ठेवा. मॅन्युअलमध्ये वेग किंवा आरपीएमची मर्यादा दिली असेल तर तीच अंतिम.

• वेग बदलता ठेवा. हायवेवर तासभर एकाच वेगाने जाण्यापेक्षा शहराबाहेरचा साधा रस्ता चांगला. थोडा वेग घ्या, थ्रॉटल सोडा, पुन्हा हळूहळू वेग घ्या.

• वेगानुसार वेळेवर गिअर बदला. अर्धा क्लच दाबून गाडी चालवण्याची सवय लावू नका.

• ट्रिपल सीट तर कायद्यानेच बंद आहे, पण या काळात जड सामान आणि डबल सीट घाट चढणंही टाळा.

• सिग्नल मोठा असेल तर इंजिन बंद करा. हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या गाडीत लवकर तापतं.

पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका

रिंग्ज आणि गिअर घासताना धातूचे बारीक कण सुटतात आणि ऑइलमध्ये मिसळतात. म्हणून पहिलं ऑइल लवकर बदलावं लागतं. बहुतेक बाइकची पहिली सर्व्हिसिंग ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान असते. तिला दिवसांचीही मर्यादा असते आणि जे आधी पूर्ण होईल ते धरलं जातं. गाडी फारशी चालली नाही म्हणून थांबलात, तर तारीख उलटून जाते आणि वॉरंटीचा दावा अडकू शकतो.

ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. घरात कारचं ऑइल उरलंय म्हणून ते बाइकमध्ये ओतू नका. बहुतेक बाइकमध्ये क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे चुकीच्या ऑइलने तो घसरू लागतो. आठवड्यातून एकदा ऑइलची पातळीही बघा.

सुरुवातीला मायलेज जाहिरातीपेक्षा कमी मिळालं तर लगेच नाराज होऊ नका. इंजिन मोकळं झालं की त्यात फरक पडतो.

टायर आणि ब्रेकही नवेच असतात

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका, पावसात तर अजिबातच नाही. ब्रेक पॅडलाही डिस्कवर नीट बसायला वेळ लागतो, म्हणून पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा. नवी चेन सुरुवातीला सैल पडते, ती सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्या. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली असेल तर इंजिनचा प्रश्न नाही, पण टायर आणि ब्रेकचे नियम तिलाही लागू आहेत.

रोज ३० किलोमीटर चालवलं, तर १,००० किलोमीटर महिना-सव्वा महिन्यात पूर्ण होतात. तोवर घरात ज्याच्या हाती किल्ली द्याल, त्याला हे नियमही सांगा. धाकट्या भावाला तर आवर्जून!